उंबऱ्याबाहेरचे बूट

एकट्या बाईनं खोली भाड्यानं घ्यायची म्हणजे आधी नवरा दाखवावा लागतो, आणि शिवांजलीचा तर घटस्फोट झालेला. मग तिनं लोणंदहून वारलेल्या वडिलांचे फौजेतले बूट आणले, साताऱ्यातल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर मांडले आणि शेजारच्या रंगूबाईंना ठोकून दिलं, "मालक मिलिटरीत हायत. सुट्टी मिळंल तवा येत्यात." साताऱ्यात फौजीच्या बायकोला कुणी फार खोदून विचारत नाही.

बूट एकाच जागी पडून राहिले तर कुणालाही संशय येईल, म्हणून ती कधी त्यांना चिखल लावायची, कधी पॉलिश करायची. आपल्याच हुशारीचं तिला हसू यायचं. नळाला पाणी यायच्या वेळी ती कॉलेजात असायची, म्हणून जादा चावी रंगूबाईंकडं ठेवलेली. कोर्टानं बांधून दिलेल्या पोटगीवर खोलीचं भाडं आणि नर्सिंगचं शेवटचं वर्ष निभत होतं. तेवढं पार पडलं की तिला कुणापुढं हात पसरावा लागणार नव्हता.

त्या दुपारी वकीलबाई अफसाना मुल्ला यांनी तिला बोलावून घेतलं. धैर्यशीलनं, तिच्या आधीच्या नवऱ्यानं, पोटगी बंद करायचा अर्ज दिला होता.

"दुसरं लग्न केलं की पोटगी थांबते, हे मी तुम्हाला सांगितलं होतं," वकीलबाई म्हणाल्या. "त्याचं म्हणणं असं, की तुम्ही लग्न न करताच एका पुरुषासोबत राहताय. तसं ठरलं तरी ती थांबू शकते. पुरावा म्हणून हे फोटो."

सगळे फोटो बुटांचे होते. कधी चिखलानं भरलेले, कधी चकचकीत. कुणीतरी ते रोज घालून जातंय असंच वाटावं.

शिवांजलीला हसू फुटलं. "आवं मॅडम, ही तर आमच्या बाबांची बुटं!"

"मग सोपं आहे. घरात कुणी पुरुष येत नाही, एवढं शेजारणीनं सांगितलं तरी पुष्कळ झालं."

शिवांजलीचं हसू मावळलं. शेजारीण काय सांगणार, ते तिनंच पढवून ठेवलं होतं.

तिनं फोटो पुन्हा पाहिले. पहिले रस्त्यावरून काढलेले होते, नंतरचे फाटकातून. शेवटच्यात बुटांशेजारी तिची दिवाळीची रांगोळी दिसत होती, अगदी वरून, उंबऱ्याशी उभं राहून काढल्यासारखी. त्या सकाळी दार सताड उघडं होतं आणि ती आत गुणगुणत फराळाचं ताट भरत होती. संसारात असताना, हात उगारायच्या आधीही धैर्यशील असाच, पावलांचा आवाज न करता मागं येऊन उभा राहायचा. "मॅडम, त्यो माझ्या दारापातुर येऊन गेलाय," ती म्हणाली.

"दुसरी चावी कुणाकडे आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"शेजारच्या रंगूबाईंकडं. मालक मिलिटरीत हायत, असं मीच त्यांना सांगितलंय."

"आत्ताच्या आत्ता जा. चावी परत घ्या आणि त्यांना खरं काय ते सांगून टाका."

रिक्षात बसल्या बसल्या ती मनात वाक्यं जुळवत राहिली. खोटं बोलल्याची लाज वाटत होती, पण सांगायलाच हवं होतं.

रिक्षातून उतरली तर उंबऱ्याबाहेर बूट नव्हते. दाराला कुलूप नव्हतं. रंगूबाई तिचीच वाट बघत होत्या, तोंडभर हसत.

"अगं, येणार हायत म्हणून सांगायचं न्हाई व्हय? मालक आल्यात तुझं! चावी मागितली, दिली मी. लय गोड बोलनं बाई. 'आमचीच बुटं' म्हनलं आन् उचलून आत घिऊन गेलं."

शिवांजलीनं त्यांचा हात घट्ट धरला. "मावशी, त्यो माझा नवरा न्हाई. आवं, खरंच न्हाई."

"आता गं बया! लय दिसानं आल्यात म्हणून रुसलीस व्हय?"

"मावशी, मला तुमच्या घरात घ्या."

"शिवा," आतून आवाज आला. त्याच्या पावलांसारखाच, हळू. "आत ये. दार लावून घे."

नवराबायकोच्या मधी आपलं काय काम, असं म्हणत रंगूबाईंनी आपला हात सोडवून घेतला, तिच्या पाठीवर मायेनं थोपटलं आणि हसत हसत स्वतःचं दार लावून घेतलं.