सहा ते बेचाळीस

मी गणित शिकवते. आकडे सुटलेले, दोनदा आलेले मला खपत नाहीत. त्या माझ्या मेल्या नीटनेटकेपणाने सगळा घात केला.

शाळेमागे झाडी होती. कुणी लावलेली नाही, आपोआप वाढलेली. बसगाड्या उभ्या करायला कुंपणालगतची पाच झाडं तोडायचं ठरलं. ठेकेदाराच्या माणसाने त्यांच्या खोडांवर लाल रंगात एक ते पाच आकडे घातले. मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले.

"बाई, ही पाच गेलीच समजा," ते म्हणाले. "बाकीच्यांचा काही उपयोग असेल तर लिहून आणा."

"उपयोग कसला हो? आपल्या आधीपासून उभी आहेत ती. एवढं पुरत नाही?"

"कागदावर नाही पुरत."

म्हटलं, बघतेच. सातवीची सदतीस पोरं घेऊन झाडीत गेले आणि प्रत्येकाला एक झाड दिलं. घेर मोजा, सावली मोजा, कोण कोण राहतं ते लिहा. भागाकार म्हटला की ज्यांच्या पोटात दुखायचं, ती कार्टी घेरावरून खोडाची जाडी काढायला लागली! इतक्या वर्षांच्या नोकरीत असा वर्ग मी पाहिला नव्हता.

झाडं ओळखायला आकडे हवेत. शिपाईमामा म्हणाले, "पांढरा रंग संपलाय बाई. ठेकेदाराचा लाल डबा पडलाय, चालेल?"

"न चालायला काय झालं? आणा."

पाचपर्यंतचे आकडे झाडांवर होतेच. म्हणून आम्ही सहापासून पुढे घातले.

शेवटच्या झाडाजवळ एक मुलगी डबा घेऊन नुसतीच उभी होती. वर्गात तिला सगळे मुकीबाई म्हणत.

"बेचाळीस कुठाय?"

"बाई, घरट्यात पिल्लं आहेत. जवळ गेलं की त्यांची आई उडून जाते. ह्याला नको ना आकडा."

"तुझ्यासाठी वेगळा नियम काढू का? हो बाजूला!" मी तिच्या हातातला ब्रश हिसकावला आणि ठसठशीत बेचाळीस काढला.

मग चार दिवस सुट्टी होती. पाचव्या दिवशी वही घेऊन मी मागे गेले, तर समोर थेट पलीकडचा रस्ता दिसला. ठेकेदाराचा माणूस ओंडके मोजत होता.

"पाचच तोडायची होती ना?" मी ओरडले.

"आम्हाला सांगितलं होतं, लाल आकडा असेल ते तोडा. मला वाटलं काम वाढलं. तुमचे आकडे मात्र झकास होते बाई. एकही झाड सुटलं नाही."

मुख्याध्यापक म्हणाले, "झालं ते झालं. जागा तरी मोठी मिळाली."

पोरं आली. कुणी रडलं, कुणी बुंध्यावर चढून उड्या मारल्या. मुकीबाई आपल्या झाडाच्या भुशाशी बसली होती. ती मला बोल लावेल असं वाटलं. लावला असता तर बरं झालं असतं.

"बाई, पिल्लं चार दिवसांत उडायला शिकतात का?"

"हो," मी म्हणाले. "शिकतात."

तिने वही उघडून मला दाखवली. शेवटची नोंद तिच्याच अक्षरात होती: अजून डोळे उघडलेले नाहीत.