आंबिलाची बिंदगी बांध ओलांडते

मित्रांनो, सरुबाईच्या चुलीमागं फळीवर तोंड खाली करून बसलेली ती गोल पोटाची मातीची घागर म्हणजे मी. आमचं गाव लोहाऱ्याच्या पुढं, कानडी मुलखाच्या कडेला आहे. म्हणून घागरीला इथं बिंदगी म्हणतात. बाकीची भांडी रोज राबतात. माझं खरं काम वर्षातून एकदाच, येळवशीला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं आणि त्या दिवशी माझ्यात आंबील असते. उरलेलं वर्ष मी बहुतेक फळीवरून घर बघत बसते. बघून बघून मला एक खोडच लागली आहे. माणसं असं का करतात, हा प्रश्न माझ्या पोटात सारखा घुमत असतो.

मला महांतप्पा कुंभारानं घडवलं. तळ्याची काळी माती, त्यात राख आणि घोड्याची लीद. चाकावर फिरताना मला गरगरलं, आव्यात भाजताना वाटलं, संपलं आता. पण बाहेर काढून महांतप्पानं टिचकी मारली आणि मी खणखणीत वाजले. तो गालात हसला. तेवढं हसू मला जन्मभर पुरलं.

मी या घरात आले त्याच्या पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. सरुबाई तेव्हा नवी नवरी होती. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याच्या पिठाची भाकरी थापता थापता चिरायची. म्हशी विकल्या होत्या, येळवशीला ताक कुठून आणणार? सरुबाईनं मिलोचं पीठ शिजवून पातळ केलं, त्यात चिंचेचा कोळ घातला, लसूण-मीठ वाटून लावलं आणि मला भरलं. तिचा नवरा उत्तरेश्वर आणि धाकटा दीर ज्ञानोबा दिवसभर खडी फोडून आले होते. दोघांनी एकाच वाडग्यातून ती आंबील प्यायली. एक घोट याचा, एक घोट त्याचा. ज्ञानोबा म्हणाला, "वैनी, ताक न्हाय तरी आंबील झालीच की!" कोरड्या ढेकळांवर चार थेंब शिंपडून त्यांनी हात जोडले. काही नसताना माणसं कशाला हात जोडतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

पुढं पाऊस आला, म्हशी आल्या. ज्ञानोबाचं लग्न सरुबाईच्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी, धुरपदाशी झालं. दोघी बहिणी एकाच चुलीशी आल्या. त्या दिवसांतल्या स्वयंपाकाचं काय सांगू! येळवशीच्या आदल्या दिवशी घर कसं भरून जायचं. तुरीच्या, वालाच्या शेंगा सोलायच्या, ओला हरभरा, वाटाणा, गाजर, मेथी, चुका, सगळं बेसन आणि ताकात शिजवून भज्जी करायची. बाजरीचे उंडे वाफवायचे. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून गार करायचं, त्यात घुसळलेलं ताक आणि वाटलेला लसूण घालून माझ्यात ओतायचं. रात्रभर ते माझ्या पोटात हळूहळू आंबायचं. दोघी बहिणी मीठ एकदा इकडून, एकदा तिकडून चाखायच्या आणि भांडायच्या.

"कमी हाय, आक्का."

"तुज्या जिभंला हाडच न्हाय. बरोबर हाय!"

सकाळी माझा शृंगार व्हायचा. चुन्याचे पट्टे, मध्ये लाल कावेचे ठिपके, गळ्याला ज्वारीचं कणीस. मग उत्तरेश्वर घोंगडी पांघरून मला डोक्यावर घ्यायचा आणि शेताकडं निघायचा.

उत्तरेश्वरची मुलगी चांगुणा मोठी होत गेली तसा रंगांचा नाद तिला लागला. मारुतीच्या देवळात सप्ताह असला की प्यायच्या पाण्यासाठी मला तिथं नेत. रात्रीच्या कीर्तनात बुवा उभे राहिले की माझ्यातलं पाणीसुद्धा डोलायचं. उत्तरेश्वर टाळ धरायचा, ज्ञानोबा पखवाज वाजवायचा. बुवा एकदा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "अहो, मडकं घेताना टिचकी मारून बघता ना? देव बी माणसाला बघतो. कडू शब्दाची टिचकी बसली की मग कळतं, पक्कं हाय का कच्चं!" सगळे हसले. मी मात्र दचकले. माणसांनाही टिचकी बसते?

भारुडाच्या वेळी सोंगं यायची. बुवांच्या मागं उभे राहणारे टाळकरीच लुगडं नेसून, गालाला कुंकू फासून नाचायचे. ते देवळामागं तोंड रंगवत तेव्हा चांगुणा त्यांच्या जवळून हलायचीच नाही. घरी येऊन तिनं पहिला प्रयोग माझ्यावरच केला. तव्याच्या काजळीत तेल कालवलं आणि मला झुपकेदार मिशा काढल्या. वर दोन डोळे, एक मोठा, एक बारका.

सरुबाई ओरडली, "अगं भवाने, देवाच्या आंबिलाला मिशा?"

"आंबील पाटील हाय, आई!"

सरुबाईला हसू आवरेना. माझ्या मिशा पुसल्या, पण चांगुणाचा हात थांबला नाही. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग, हळदीचा पिवळा, कावेचा लाल, काजळीचा काळा. कधी धाकट्या भावांचा वाघ करी, कधी हवालदार, कधी दात पडलेली म्हातारी. स्वयंपाकघरातच तिची रंगांची पेटी होती. भाकरीच्या पिठातून म्हातारी कशी उगवते, हे मी फळीवरून नवलानं बघायची.

मग गावात दूध संस्था निघाली. पहाटे केंद्रावर किटल्यांची रांग लागायची. उत्तरेश्वर संस्थेचा सेक्रेटरी झाला. काम चोख होतं, आणि त्याचा त्याला थोडा ताठाही होता. त्या साली पुन्हा पाऊस रुसला होता. वैरण नव्हती, म्हशी वाळका पाला चघळत होत्या. एक दिवस, हे मी नंतर घरात ऐकलं, ज्ञानोबाची किटली आली. उत्तरेश्वरनं दाटपणा मोजायची काचेची नळी दुधात सोडली.

"ज्ञानोबा, दूध पातळ हाय."

"मग म्हशीला ईचार."

"म्हशीनं पाणी घातलं व्हय रे?"

रांगेतली माणसं खो खो हसली. ज्ञानोबानं सगळ्यांदेखत किटली उपडी केली. दूध मातीत गेलं. घरी येऊन दोघं भाऊ असं काही बोलले, की ते मला सांगवत नाही. महिन्याभरात घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. चूल वेगळी, म्हशी वेगळ्या, शेताच्या मध्ये बांध. मी उत्तरेश्वरच्या वाट्याला आले. त्यानं हात झटकून सांगितलं, "आजपास्नं त्याच्या घरचं माणूस माज्या पंगतीला न्हाय. आन् माज्या घरचा घास तिकडं जायचा न्हाय."

पुढच्या सप्ताहात टाळ या खांबाजवळ आणि पखवाज त्या खांबाजवळ. बुवा गात होते, पण मला सूर कुठंतरी फाटल्यासारखा वाटत होता. दूध खरंच पातळ का होतं, हे मला आजही माहीत नाही. ते कुणी विचारलंच नाही.

सगळ्यांत जास्त सोसलं ते सरुबाईनं. सख्खी बहीण भिंतीपलीकडं, आणि बोलायची चोरी. येळवस आली. तिनं आंबील केली, मीठ चाखलं आणि बोट तोंडातच ठेवून भिंतीकडं बघत राहिली. दुसऱ्या बाजूनं कुणी "कमी हाय" म्हणालं नाही. धुरपदाकडं बिंदगी नव्हती. ज्ञानोबानं बजावलं होतं, "आपल्याकडं आंबील नको. भज्जी बास." मला चुन्याचे पट्टे ओढता ओढता सरुबाई माझ्याशी पुटपुटली, "बिंदगे, माज्या बहिणीच्या तोंडात यंदा आंबिलाचा थेंब न्हाय गं. एक वाडगं तिकडं पोचलं असतं तर..." नवऱ्याचा शब्द कसा मोडायचा, आणि बहिणीला आंबिलाविना कसं ठेवायचं? त्या दिवशी माझ्या पोटात आंबील होती आणि तिच्या पोटात हा पेच.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी होती. कोपीत पाच दगड, चुन्यानं रंगवलेले. ते पाच पांडव. पूजा झाली, रानभर आंबील शिंपडून झाली. आमच्या घरची रीत अशी, की त्यानंतर पोरांनी पांडव व्हायचं आणि पहिली आंबील त्यांना वाढायची. पांडवांना वाढल्याशिवाय मोठ्यांनी घास घ्यायचा नाही.

चांगुणा रंगाच्या वाट्या घेऊन बसली. पण अडचण अशी, की घरात पोरं तीनच. दोन पांडव कमी. आदल्या सालापर्यंत ते दोघं धुरपदाचे सिदू आणि बनी असत. चांगुणानं इकडंतिकडं पाहिलं आणि बांधाकडं पळाली. ती भांडण मिटवायला गेली नव्हती, मित्रांनो. तिचे पांडव कमी पडत होते, एवढंच. थोड्या वेळानं बांधाआडून पाच पांडव आले. चांगुणा धर्मराज, कपाळाला बुक्का. तिच्या भावांना हळदीची तोंडं आणि कावेचे ओठ. बनीला काजळीच्या मिशा. आणि सगळ्यांत पुढं सगळ्यांत बुटका भीम, तोंड पिठानं पांढरंफेक, भुवया कानापर्यंत, गाल लाल, खांद्यावर उसाच्या कांडक्याची गदा.

आजूबाजूच्या रानातली आणि गावातून जेवायला आलेली बिनजमिनीची माणसं हसून लोटपोट झाली. सरुबाईनं मात्र भीमाची चाल ओळखली. बहिणीचं पोर ते, तिला कसं कळणार नाही? तिनं पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याला काही कळू दिलं नाही.

उत्तरेश्वर मला तिरपी करून वाडग्यात आंबील ओतू लागला. धर्मराजाला, अर्जुनाला, मिशाळ सहदेवाला. भीमानं वाडगं दोन्ही हातांनी धरलं आणि एका दमात रिकामं केलं. आंबील ओठांवरून हनुवटीवर उतरली, पीठ धुऊन निघालं, आणि पांढऱ्या तोंडाच्या मधोमध सिदूचं सावळं, खळी पडलेलं तोंड उघडं पडलं.

उत्तरेश्वरचा हात थांबला. मी त्याच्या हातात तिरपी, आंबील काठाशी आलेली. सरुबाईचा श्वास मला ऐकू येत होता.

"कुणाचा रं तू?" उत्तरेश्वरनं विचारलं.

सिदूनं ओठ चाटले. "म्या भीम हाय."

"ते दिसतंय. पर कुणाच्या घरचा?"

"पांडवाच्या." आणि वाडगं पुढं केलं. "भीमाला लई भूक असती, थोरलं बाबा."

कुणीतरी फिसकन हसलं. उत्तरेश्वर हसला नाही. तो त्या पोराकडं बघत राहिला. अर्धं पीठ, अर्धं पोर. वाढलेली आंबील पांडवाच्या पोटात गेली होती. ती आता परत कशी मागणार? शब्द मोडला होता, तो त्याच्या स्वतःच्या हातानं, देवापुढं. मग तो हळूच म्हणाला, "खरं हाय बाबा. भीमाला लई लागती." आणि त्यानं वाडगं काठोकाठ भरलं.

मग तो बांधावर गेला आणि येळवशीला सगळे घालतात तशी हाक घातली. "ज्ञानोबाऽऽ! जेवाया ये रंऽऽ!"

पलीकडच्या कोपीपाशी ज्ञानोबा पाठ करून बसला होता. त्यानं मान वळवली नाही. हाक दुसऱ्यांदा गेली, तरी नाही. पंगतीतले लोक आपापल्या ताटाकडं बघू लागले. मला वाटलं, आता उत्तरेश्वर परत फिरणार आणि ही भिंत कायमची होणार.

तो परत फिरला खरा. पण माझ्याकडं आला, घोंगडी डोक्यावर घेतली, मला उचललं आणि बांध ओलांडला. आजवर मी फक्त घरातून शेतात, नाहीतर देवळात गेले होते. एका शेतातून दुसऱ्या शेतात जायची ती पहिलीच खेप. त्यानं मला ज्ञानोबाच्या कोपीपुढं टेकवलं.

ज्ञानोबा मला बघून म्हणाला, "आंबिलात पाणी तर न्हाय ना घातलं, सेक्रेटरी?"

धुरपदाच्या हातातली पळी तशीच राहिली.

"घातलंय की," उत्तरेश्वर म्हणाला. "पाण्याबिगर आंबील व्हती व्हय?" जरा थांबून तो पुढं म्हणाला, "त्या दिवशी चार माणसांत तसं बोलाया नको व्हतं मी. घरी येऊन ईचारायला पायजे व्हतं."

ज्ञानोबानं स्वतःचं वाडगं पालथं होतं ते सुलटं केलं.

तेवढ्यात सरुबाई बांधावरून धावत आली. तिनं बहिणीच्या हातात वाडगं दिलं. धुरपदानं एक घोट घेतला, डोळे मिटले, जिभेवर घोळवला.

"मीठ कमी हाय, आक्का," ती म्हणाली.

सरुबाई तिथंच ढेकळावर बसली आणि रडत रडत हसू लागली. "मग घाल की गं, घाल! वरीस झालं, कुणी सांगितलंच न्हाय मला."

मित्रांनो, भिंत पुढंही राहिली. चुलीही वेगळ्याच राहिल्या. पण तेव्हापासून आंबील करताना सरुबाई मला घेऊन भिंतीपलीकडं जाते, आणि मीठ दोघी चाखतात.

आता माझ्यासारख्या बिंदग्या थोड्याच उरल्या. स्टीलची भांडी आली, ती हलकी असतात, पडली तरी फुटत नाहीत. त्यांचा मी राग करत नाही. फक्त एवढंच सांगते. तुमच्या घरात मातीचं भांडं असेल तर धुतल्यावर त्याला उन्हात पुरतं वाळू द्या, मगच पालथं घाला, नाहीतर त्याच्या पोटात बुरशी धरते. माणसाचंही मला तसंच वाटतं. रुसवा ओला असताना झाकून ठेवू नका. त्याला जरा ऊन दाखवा, जरा हाक घाला. हाकेला ओ आली नाही, तर बांध ओलांडून स्वतः जा. आणि जाताना हातात काहीतरी घरी रांधलेलं असू द्या.