सासऱ्यांचा राजा

तिचं काम लोकांच्या नसा शोधून रक्त काढायचं. भलेभले तिच्यापुढे मुकाट बाही वर करत. घरी मात्र रोज संध्याकाळी सासरेच तिचं रक्त प्यायचे, बुद्धिबळाच्या पटावर. निवृत्त स्टेशनमास्तर. मात दिली की म्हणायचे, "छान खेळलीस सूनबाई. आता कुकर लाव."

दर गुरुवारी तपासणीला येणाऱ्या गणिताच्या बाई या खेळात मुरलेल्या होत्या. सुई टोचता टोचता तिने त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, त्यांचा राजा तिकडे पाय पसरून बसलाय आणि तू भलतीकडे प्यादी खात हिंडतेस!"

"मग काय करू?"

"राजाच्या दारातलं प्यादं फोड. उंट गेला तर जाऊ दे. राजा उघड्यावर आला की घोडा घाल, मागोमाग वजीर. ते काय खातात तिकडे बघूच नकोस. आणि हात सोड आता, काळानिळा केलास."

पुढचे तीन गुरुवार बाईंनी रिपोर्टच्या पाठीवर चौकटी आखून तिच्याकडून हल्ला घोटून घेतला.

मग एका रविवारी तिने उंट थेट राजाच्या दारातल्या प्याद्यावर घातला. "शह!"

सासरे खो-खो हसले. "डोळे तपासून घे," म्हणत त्यांनी राजाने उंट मारला. तिने घोड्याने शह दिला. राजा मागे घरात शिरला. तिने वजीर आणला. पलीकडे तिचा हत्ती उघडा पडला होता, आणि फुकटचं दिसलं की सासऱ्यांना राहवत नसे.

"हत्तीपण? आज दानधर्म काढलाय वाटतं!" त्यांनी हत्ती उचलला.

तिने वजीर राजाच्या नाकासमोर ठेवला. "शह. आणि मात, बाबा."

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. राजा इकडे सरकवून पाहिला, तिकडे सरकवून पाहिला. वजीर मारायला गेले, तर त्याच्या पाठीशी घोडा. मग ते उठले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

वीस मिनिटांनी सासूबाईंनी दार वाजवलं. "अहो, बाहेर या! डाव गेलाय, पेन्शन नाही!"

ते आले, पटापुढे बसले. "मांड पुन्हा."

या डावात त्यांनी सगळी फौज राजाभोवती गोळा केली आणि जेवायची वेळ झाली तरी पुढे पाऊल टाकलं नाही. डाव बरोबरीत सुटला. ती त्या दिवशी पोटभर जेवली.