‘ठेव’ म्हटल्याशिवाय ठेवायचं नाही

मी एक जुना लोखंडी दांडा आहे. जुना म्हटलं की लोकांना वाटतं, गंजला असेल, वाकला असेल. छे हो! मित्रांनो, मी आजही सुतासारखा सरळ आहे आणि तब्येतही ठणठणीत आहे.

भट्टीतून निघालो तेव्हा मी लालबुंद होतो. मग मला सरळ केलं, घासलं आणि हाताची पकड सुटू नये म्हणून अंगभर खरखरीत रेघा कोरल्या. मी पॉवरलिफ्टिंगचा दांडा. माझ्या दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा चढवतात. मला खांद्यावर घेऊन खाली बसतात नि उठतात, निजून छातीवरून वर ढकलतात आणि शेवटी जमिनीवरून उचलून ताठ उभे राहतात. त्या शेवटच्या प्रकाराला डेडलिफ्ट म्हणतात. हा खेळ देशोदेशी चालतो, म्हणजे माझे भाऊबंद जगभर पसरलेत. मी आपला एका जिममध्ये सुखात आहे.

मध्यंतरी एक नवा चकचकीत दांडा आला आणि माझी रवानगी भिंतीकडे झाली. पोरं माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागली. टॉवेल! मला फार लागलं ते.

मग वहिनी आली. जिमच्या मास्तरांची ती मोठी भावजय, म्हणून सगळं जिम तिला वहिनीच म्हणे. चाळिशी उलटलेली, बेकरीत मैद्याची पोती उचलणारी. तिने नवा दांडा धरून पाहिला, माझ्यावरचे टॉवेल बाजूला केले, मला धरलं आणि म्हणाली, “भाऊजी, मला हाच हवा. हा हाताला चावतो, पण सुटत नाही.” रोज सराव संपला की ती माझ्या रेघांत अडकलेली, पकडीसाठी हाताला लावलेल्या खडूची पूड ब्रशने काढी आणि तेलाचा हात फिरवी. मी तर तिच्यावर खूशच झालो.

तिला चाळिशीपुढच्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं. पाठीवर देशाचं नाव असलेला टीशर्ट एकदा तरी घालायचा, एवढाच तिचा ध्यास होता. ताकदीला तोटा नव्हता. खोड एकच होती. डेडलिफ्टमध्ये दांडा उचलून ताठ उभं राहायचं आणि मुख्य पंचाचा हात खाली येऊन तो “डाऊन” म्हणेपर्यंत तसंच थांबायचं असतं. वहिनी थांबतच नसे. बेकरीत पोतं उचललं की लगेच टाकायचं, मागचा माणूस खोळंबलेला असतो. तीच सवय इथे. मागच्या निवडचाचणीत तिने वजन झकास उचललं आणि पंचाच्या आधीच धाडकन खाली टाकलं. पंचांचे लाल दिवे लागले, म्हणजे उचल बाद. सगळं मुसळ केरात!

मास्तर ओरडून ओरडून थकले. “वहिनी, थांबा ना जरा!” शेवटी त्यांनी आपल्या आईलाच जिममध्ये आणून खुर्चीवर बसवलं. “आई, तू ‘ठेव’ म्हटल्याशिवाय वहिनींनी ठेवायचं नाही.”

सासूबाई भलत्याच खट्याळ. वहिनी मला उचलून ताठ उभी राहिली की या सावकाश पदराने चष्मा पुसत. “सूनबाई, गॅस बंद केलास ना गं?”

“केला... आई... म्हणा ना लवकर!”

“म्हणते गं. जीव का खातेस?”

वहिनी हसू दाबत, लालेलाल होऊन उभी राही. मग कुठे “ठेव” येई. हळूहळू तिला थांबायची सवय लागली.

यंदाची निवडचाचणी आमच्याच जिममध्ये होती. पंचांनी नवा दांडा जमिनीवर फिरवून पाहिला, तर तो डुगडुगला. पोरांनी आपटून आपटून त्याचं पार वाटोळं केलं होतं. मग मला तपासलं, पास केलं आणि मानाने मधोमध ठेवलं. माझी छाती फुगली!

वहिनीची शेवटची डेडलिफ्ट उरली. पास झाली तर संघात, नाहीतर घरी. तिने मला उचललं. गुडघे सरळ, खांदे मागे. पण एवढ्या वजनाने माझी टोकं लवलवत होती आणि मी स्थिर झाल्याशिवाय पंच हात खाली आणणार नव्हता. माझ्यामुळे हिचं राहतंय की काय, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची बोटं उलगडू लागली होती. समोर सासूबाई दोन्ही हातांनी तोंड दाबून बसल्या होत्या.

वहिनी हलली नाही. हळूहळू मीही थांबलो. पंचाचा हात खाली आला. “डाऊन!” तिने मला जमिनीपर्यंत अलगद सोबत केली. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे, म्हणजे पास!

वहिनी रडायलाच लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. “अगं, तुझे हात बघून मीच केव्हाची ‘ठेव’ म्हणणार होते. कसंबसं तोंड दाबून धरलं बघ.”

आता वहिनी परदेशी गेली आहे. तिथे माझा कोणी भाऊबंद तिच्या हातात असेल. मजा आहे त्याची! इथे मला पुन्हा मधली जागा मिळाली आहे, पोरं आता पुसूनही ठेवतात. माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. मला उचलता आलं नाही तरी मी रागावणार नाही. पण उचललंत, तर जमिनीला टेकेपर्यंत हात सोडू नका.