तीन बायबलं आणि एक खोकला

"काका, तिन्ही बायबलं वाचून बघा आणि सांगा, आपल्या मंडळीसाठी कुठलं घ्यायचं," असं म्हणत चर्चच्या पाळकसाहेबांनी तीन जाडजूड पुस्तकं आमच्या ह्यांच्या मांडीवर ठेवली, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले.

ह्यांनी वरचं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली, मान डोलावली. "छपाई झकास आहे हो," म्हणाले.

पुस्तक उलटं होतं. मी चटकन पुढे होऊन चहाचा ट्रेच दोघांच्या मधे धरला.

आमचे हे किल्लीवाले. बाजाराच्या तोंडाशी छोटं दुकान आहे. गेली काही वर्षं ह्यांच्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. किल्ल्या बोटांनी चाचपून करता येतात, त्यामुळे बाजारात कुणाला पत्ता नाही. पण रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा मान लग्नाआधीपासून ह्यांचा, आणि तो सोडायची ह्यांची तयारी नाही.

जुनं भाषांतर ह्यांना तोंडपाठ आहे. वडिलांनी लहानपणी छडी घेऊन करून घेतलं होतं. शनिवारी मी कुठला पाठ ते सांगते आणि पानात फीत घालून ठेवते. रविवारी हे वेदीजवळच्या वाचनाच्या स्टँडपाशी जातात, फितीवर उघडतात, ओळींवरून बोट फिरवत घडाघडा म्हणतात, आणि वेळेवर पानही उलटतात. पायरी आली की मी खोकते. चढताना एकदा, उतरताना एकदा. अख्ख्या मंडळीला वाटतं मला जुनाट खोकला आहे. माझ्यामागे बसणाऱ्या नर्सबाईंनी तर मला औषधाच्या दोन बाटल्या आणून दिल्या. काय करणार, प्यायले.

"जुनी भाषा आता पोरांना कळत नाही," पाळकसाहेब सांगत होते. "वाचायला सोपं हवं, पण मुळाशी इमान राखणारंही हवं. मूळ भाषा जाणणाऱ्या बाईंना मी दाखवतोच आहे. पण मंडळीच्या कानाला काय बसतं, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुम्ही निवडाल त्यातूनच पुढच्या रविवारी वाचा. प्रभू वादळ शांत करतो तो नावेचा पाठ. आम्ही सगळ्यांना तेवढा मजकूर छापून देऊ, म्हणजे लोक हातातल्या कागदावर ताडून बघतील."

ताडून बघतील!

ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग म्हटलं, "सांगून टाका, जुनंच बरं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"न ऐकताच सांगू?"

"ऐकून काय करायचंय? पितळ उघडं पडेल अहो! एवढी वर्षं वाचतोय म्हणून सगळ्यांना फसवलं म्हणतील."

"तू वाच तर," म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

तिन्हीत एक जुनं होतंच, मी आधी ते वाचलं. जन्मभर ऐकलेलं. वादळ, नाव आणि आमेन, एवढंच मला त्यातलं कळायचं. वाक्य असं लांबत जायचं की शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली. हे मात्र डोळे मिटून माझ्याबरोबर ओठ हलवत होते.

दुसरं फारच सोपं होतं. गोष्टीच्या पुस्तकासारखं पळत होतं. प्रभूने हसून शिष्यांच्या पाठीवर थाप मारली, इथवर आले तेवढ्यात हे ओरडले, "थांब! थाप कुठून आली?"

"इथे लिहिलंय."

"मुळात नाहीये ती. भाषांतर करणाऱ्यांनी पदरची घातली."

"पण सोपं आहे ना?"

"अगं, किल्ली चकचकीत आहे पण कुलपात फिरत नाही, तर काय गळ्यात घालून मिरवायची?"

मग तिसरं. ते वाचता वाचता मीच थांबले. पुन्हा मागे जाऊन वाचलं.

"अहो, हे भांडतायत!"

"कोण?"

"ते नावेतले. पाणी आत शिरतंय आणि हा प्रभू मागे उशीवर झोपलाय. त्याला गदागदा हलवून विचारतायत, आम्ही मरायला टेकलोय आणि तुला त्याचं काहीच नाही? मी तर आजवर समजत होते की ते हात जोडून प्रार्थना करतायत. आणि हे तर माझ्यासारखे बोलतायत! तुमच्या डोळ्यांची सर्जरी करता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले त्या दिवशी मी असंच बोलले होते. देवालाच. मोरीत नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

हे हळू आवाजात म्हणाले, "जुन्यातही हेच आहे. अर्थ इकडचा तिकडे नाही."

"असेल. पण मला आज कळलं."

"मग हेच घ्यायचं," हे म्हणाले. आणि समोर ठेवलेला पेला शोधताना ह्यांचा हात टेबलावर उगाच इकडेतिकडे फिरत राहिला.

तो आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक. मी एक वाक्य वाचायची, हे म्हणायचे. तिसऱ्या वाक्याला नव्यावर जुनं चढून बसायचं. "काढून टाकता येत नाही गं," म्हणायचे, "आत रुतलंय." दुकानातही पुटपुटत बसायचे. एका गिऱ्हाइकाची किल्ली चुकीची कापली. हातून किल्ली चुकली, असं मी संसारात पहिल्यांदा ऐकलं.

शुक्रवारी जेवताना म्हणाले, "मला भीती वाटते."

ह्यांच्या तोंडून हा शब्द? "अजून वेळ गेली नाही," मी म्हटलं. "आजारी पडा."

"खोकला तुझा, आणि आजारी मी?"

दोघंही हसलो. पण हसू टिकलं नाही.

"त्या स्टँडवरून उतरलो," हे ताटाकडे बघत म्हणाले, "की मग मी कोण? आठवड्यातला तो एक तास आहे, तेव्हा लोक माझ्याकडे मान वर करून बघतात."

मी ह्यांच्या ताटात भात वाढला, हवा होता की नव्हता देव जाणे.

रविवारी बाकाबाकावर कागद वाटलेले होते. ह्यांचं नाव पुकारलं. पायरीपाशी मी खोकले. हे चढले, फितीवर पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य नव्यातलं. दुसरंही. देवा, निभावून ने रे, मी रुमाल पिळत होते. तिसऱ्या वाक्याला आवाज चढला, सुरात आला, आणि मला कळलं की गेलं. हे जुन्यात शिरले होते. छान लयीत, ठणठणीत आवाजात, कागदावर नसलेलं सगळं म्हणत होते.

कागद सळसळले. मागून नर्सबाई कुजबुजल्या, "काकू, हे कुठलं वाचतायत? माझ्याकडे दुसरंच आहे."

ह्यांनी ती सळसळ ऐकली. थांबले. बोट ओळीवर पुढेमागे फिरायला लागलं, जणू अक्षरं चाचपून सापडतील. पाळकसाहेब अर्धवट उठले. मला खोकावंसं वाटलं, काहीतरी करावंसं वाटलं, पण खोकून आता कुठली पायरी सांगणार?

"मला दिसत नाही," हे म्हणाले.

पाळकसाहेब परत खाली बसले.

"बरीच वर्षं झाली. मी इथे उभा राहून वाचत नव्हतो, पाठ म्हणत होतो. त्याबद्दल काय बोलायचं ते नंतर बोला. पण हे पुस्तक घ्या. मी तिन्ही ऐकलीत. ह्याने पदरचं काही घातलेलं नाही, आणि माझ्या बायकोला ते कळलं." मग माझ्या दिशेला, थोडं चुकून खांबाकडेच, तोंड करून म्हणाले, "अगं, ये. तू वाच."

मी? चारचौघांत? नर्सबाईंनी पाठीला हात लावून मला उभं केलं.

मी वाचलं. आवाज कापत होता, पुस्तकावरची अक्षरंही कापत होती. पण त्या नावेतल्यांच्या प्रश्नापाशी आले आणि कसं कोण जाणे, सगळी भीती त्या प्रश्नात उतरली. मी तो ओरडूनच विचारला. पुढच्या बाकावरच्या पोरांनी कागदातून डोकी वर काढली. हे बाजूला उभे होते, पानाचं टोक बोटांत धरून. मी पानाच्या शेवटाला आले तसं ह्यांनी ते उलटलं, अगदी वेळेवर.

वाचून झाल्यावर आम्ही वळलो. पायरी आली आणि सवयीने मी खोकले.

"आता खोकू नकोस," हे म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हात दे."