बघणं शिकवणाऱ्या बाईंचं भिंग

माझ्या दांड्याला गुंडाळलेला हा काळा दोरा पाहून हसू नका, मित्रांनो. दांडा हातातून निसटू नये म्हणून तो बाईंनी स्वतः गुंडाळला आहे. मी त्यांचं जुनं भिंग. कारखान्यात माझी काच घासूनपुसून लख्ख केली, तिच्याभोवती पितळी कडं चढवलं, आणि एका वह्या-पुस्तकांच्या दुकानातून मी बाईंच्या टेबलावर आलो.

बाई इंग्रजीची शिकवणी घ्यायच्या. घराच्या पुढच्या खोलीत तीन बाकं, एक फळा आणि मुलांचा नुसता कलकलाट! बाईंचा सगळ्यात आवडता धडा बघण्याच्या शब्दांचा. तो त्या तोंडाने शिकवतच नसत, डोळ्यांनी शिकवत. पुस्तकावरून घड्याळावर आणि परत पुस्तकावर नजर टाकली, की मुलं ओरडत, "ग्लान्स!" पडद्याआडून डोकावल्या की "पीप!" गृहपाठ न केलेल्याकडे अशा रोखून बघत, की तो बिचारा आपोआप उभा राहायचा आणि बाकीचे खिदळायचे, "स्टेअर!" शेवटी माझी पाळी यायची. मला उचलून बाई एखाद्याची नखं निरखू लागत. नखांतला मळ केवढा दिसायचा, अबब! "एक्झॅमिन!" अशी आरोळी उठायची. तेव्हा मला कसला रुबाब चढायचा म्हणून सांगू!

"ग्लान्स काय, कोणीही टाकतं रे," बाई म्हणायच्या. "एक्झॅमिन करायला जरा थांबावं लागतं."

पुढे बाई धडपडू लागल्या. कडेचं स्टूल पायात यायचं, दाराची चौकट खांद्याला लागायची. डावीकडच्या बाकावरची मुलं खुशाल चित्रं काढत बसायची आणि बाईंना त्याचा पत्ताच नसे. "अगं आई, लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून मुलगी करवादायची. ही त्यांची एकुलती एक लेक, शिंप्याच्या दुकानात रफूचं काम करणारी. "वेंधळी आहे झालं तुझी आई," असं म्हणून बाई हसण्यावारी न्यायच्या.

तरी चष्मेवाल्याकडे दोघी दरवर्षी जायच्या बरं का. तो समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायचा. "छान! नंबर थोडा वाढलाय. वय झालं बाई, चालायचंच." अहो, समोरचं तर बाईंना दिसतच होतं! जात होतं ते कडेचं. नवा चष्मा नाकावर चढला, की मायलेकी निर्धास्त. मी टेबलावर पडून नुसता तळमळायचो. धुळीचा कण हत्तीएवढा करून दाखवणारा मी, पण बाईंच्या डोळ्यांसमोर मला उलटं धरायचं कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मला डोळ्याच्या आतलं काय कळणार होतं, डोंबल!

एके दिवशी रस्ता ओलांडताना बाजूने आलेली सायकल बाईंना दिसलीच नाही. हात मोडला. हात बांधणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे मी बाईंच्या पर्समध्ये होतो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब टाकले, हनुवटी यंत्रावर ठेवायला लावली आणि कितीतरी वेळ त्या आत बघत राहिल्या.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "हा कडेकडेने नजर खात येतो. गेलेली परत येत नाही. इतके दिवस का नाही आलात?"

"असं कसं? आम्ही दरवर्षी तपासत होतो की!" मुलगी म्हणाली.

"नंबर तपासत होतात. डोळा कोणी तपासला?"

निघताना डॉक्टरीणबाईंनी मुलीला बजावलं, "तुमचेही डोळे तपासून घ्या. हा आजार घराण्यात उतरतो."

औषधं घातली, पण उशीर व्हायचा तो झालाच होता. उरलेली नजरही विझली. शिकवणी बंद पडली, बाकं विकली गेली, आणि मी मुलीच्या पर्समध्ये आलो. आता रफूच्या कामाला ती मलाच घेऊन बसते. बारीक धागा तिला माझ्यातून स्वच्छ दिसतो. कोपराजवळ ठेवलेली कात्री मात्र ती हल्ली चाचपडत शोधते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असं धडपडत असेल, तर त्याची थट्टा करू नका. त्याच्या हाताला धरा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आमच्या घरी ते व्हायचं नाही. काल मुलगी दवाखान्यापर्यंत गेली होती. पायरीवर उभी राहिली. तिचा हात पर्समध्ये माझ्या दांड्यावर होता. आपलीही नजर चालली आहे असं कोणी सांगितलं, तर आईचं कोण बघणार, या भीतीने तिला आत पाऊल टाकवेना. ती तशीच मागे फिरली.

ती घरी आल्या आल्या बाईंनी विचारलं, "दाखवलेस का गं डोळे?"

"दाखवले. काही नाही निघालं."

"नुसता ग्लान्स टाकला, की एक्झॅमिन केलं?"

पूर्वी या बाईंना गृहपाठ कोणी केला नाही ते चेहऱ्यावरून कळायचं!

"एक्झॅमिन केलं, आई. अगदी नीट."

"शहाणी गं माझी बाय!" बाईंनी हात पुढे करून तिचा चेहरा शोधला आणि तिच्या डोळ्यांवरून हळूच बोटं फिरवली. मुलीने डोळे गच्च मिटून घेतले.