निरोगी म्हणून दिलेलं रक्त

हिरवा धागा... छे, धागा कसला, जाळंच ते — सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर पांढऱ्या पेशींनी स्वतःला उसवून फेकलेलं. जंतू दिसला की त्याला अडकवायला पेशी अशी जाळी टाकतात, हे शरदिनीनं पोरांना जन्मभर शिकवलं. पण इथे जंतू होता कुठे? जंतूवाचून अशी जाळी पडतात ती संधिवाताच्या रक्तात. आणि ही पट्टी तर निरोगी रक्ताची, म्हणजे तिच्याच. संधिवाताच्या रुग्णांशी ताडून बघायला निरोगी रक्त, म्हणजे कंट्रोल, लागतं, आणि या प्रयोगशाळेत ते मॅडमनी द्यायचं हा रिवाज तिनंच पाडलेला — बाही सारून, मोठ्या तोऱ्यात.

"मॅडम, कंट्रोलमध्ये काहीतरी गडबड आहे," हिमानी म्हणाली. प्रबंध संपत आलेली ही तिची विद्यार्थिनी, इथल्याच, गंगाकाठच्या एका मराठी घरातली. "परत करून बघितलं, तरी सेमच. किट खराब असेल ना?"

"असेल," म्हणत शरदिनीनं हात कोटाच्या खिशात घातले. सकाळी बोटं वळत नव्हती. थंडीनं, असं तिनं स्वतःला बजावलं होतं... बाबाही हेच म्हणायचे, गंगेवरचं वारं बाधतं!

बाबांची बोटं — आल्याच्या गड्ड्यासारखी. गंगेच्या घाटावर संध्या करताना आचमनाचं पाणी त्यांच्या तळहातावर ठरायचं नाही, तेव्हा लहानगी शरदिनी खालून आपली ओंजळ लावायची, "सांडू नका हो बाबा!" म्हणून दटावायची, आणि ते हसायचे. किती दुखत असेल! पण कधी बोलले नाहीत, आणि त्याचा तिला रागच यायचा, अजून येतो. त्यांच्याच अंगानं त्यांच्यावर का उठावं, एवढ्या प्रश्नापायी तर हा सगळा खटाटोप मांडला... उत्तर मिळेपर्यंत ते थांबले नाहीत.

किटवर ढकलणं सोपं होतं. खरं सांगितलं तर पोरीचे जुने निकालही संशयात येणार.

"किट ठीक आहे गं," ती म्हणाली. "माझंच रक्त बिघडलंय. कधीपासून, कोण जाणे. माझ्या सगळ्या पट्ट्या बाजूला काढ."

"अहो मॅडम, मग तर माझं सगळंच—"

"हो. लांबेल."

हिमानी रडवेली झाली, मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला दुखतं का?"

काय सांगू हिला, शरदिनीच्या मनात आलं. डॉक्टर, तपासण्या, गोळ्या, ते सगळं होईलच. पण बाबांना दुखायचं म्हणजे नेमकं काय व्हायचं, ते आता मला आतून कळणार — घाबरायला हवं होतं ना मी? मला तर, सांगायलाही लाज वाटते, पुष्कळ वर्षांनी त्यांच्याजवळ बसल्यासारखं वाटतंय...